टेकडीचा नसलेला दाणा

दाणेबाईंना हे नाव संस्थेच्या शिपायाने दिलं आणि ते इतकं चपखल बसलं, की पुढे त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक राहिलं. सकाळी आल्या की सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायचे, हातात बारीक सुई घ्यायची आणि काचेच्या बशीतल्या भुरक्यातून एकेक दाणा बाजूला सारायचा. दुपारपर्यंत मान आखडायची, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, आणि एवढं करून जे जमायचं ते नखावर ठेवून फुंकर मारली तर उडून जाईल इतकं. नव्या माणसाला "दाणेबाईंकडे जा" म्हटलं की तो आधी गच्चीवर जाऊन कबुतरं शोधायचा.

दाणे होते झिर्कॉनचे. ग्रॅनाइटमध्ये हे खनिज इतकं थोडं असतं, की ते तिथे चुकून सांडलं असावं असं वाटतं. पण भलतं चिवट. खडक झिजला, त्याची वाळू झाली, पुन्हा खडक झाला, तरी हा दाणा आपला होता तसाच. जन्मताना तो थोडं युरेनियम पोटात घेतो आणि शिशाला दारातही उभं करत नाही. पुढे त्या युरेनियमचंच हळूहळू शिसं होत जातं, त्यामुळे आज त्याच्या पोटात किती शिसं निघालं यावरून त्याचं वय काढता येतं. माणसांच्या बाबतीत इतकी सोय नाही म्हणून बरं.

तर आपण ज्याच्यावर घरं बांधतो आणि ज्याच्या वाटणीवरून भावाशी बोलणं टाकतो, ते भूकवच मुळात कशातून तयार झालं, हे दाणेबाई वर्षानुवर्षं शोधत होत्या. कवचाखालच्या जाड थरातून, म्हणजे प्रावरणातून, ताजा माल वर आला, की जुनंच कवच वितळवून पुन्हा ओतलं गेलं? नातेवाइकांत कुणी भेटलं की विचारायचं, "मग, लागला का पत्ता?" जणू बाईंची किल्ली हरवली होती. आणि त्या सांगू लागल्या की विचारणाऱ्याला हमखास कुणीतरी दुसरीकडून हाक मारायचं.

त्यांचा नवरा दंतवैद्य. तुमच्या कामाचा उपयोग काय, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याचा जबडा आज ना उद्या त्याच्याच हातात यायचा होता.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासरे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती आणि मापात खोट असलेला माणूस ते चालण्यावरून ओळखत, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. सून दगड फोडते एवढंच त्यांना कळलं होतं. ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी स्पष्ट का सांगितली नाही, याचा बारीकसा राग त्यांनी जपून ठेवला होता. ओळखीपाळखीच्यांना ते सांगत, "सरकारी नोकरी आहे." बस. पुढे विषय बदलायचा.

संस्थेचे संचालक म्हणजे एक प्रकरणच होतं. त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘आद्य’ म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक भाषण "आपण पहिले" इथूनच सुरू व्हायचं. अशी लिफ्ट असलेली पहिली संस्था आपली, असं कारंजं असलेली पहिली संस्था आपली. तरुणपणी त्यांनी एक सिद्धांत मांडला होता: या भागातलं सगळं भूकवच एका दमात, थेट प्रावरणातून, ताजंताजं वर आलं. सिद्धांत त्या काळी बरा होता. पुढे तो दरवर्षी नव्या मथळ्याखाली छापून येत राहिला. भूकवचाचा पुनर्वापर आद्यांना मान्य नव्हता, स्वतःच्या लेखांचा होता.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे ग्रॅनाइटची एक टेकडी होती. सकाळी लोक तिथे कुत्री फिरवायला नेत. तिचा दगड गावातल्या पायऱ्यांना आणि फुटपाथच्या कडांना लागला होता. वय एकशे ऐंशी कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे आमच्या धंद्यात अगदीच मध्यमवयीन, असं दाणेबाई म्हणत. त्या टेकडीचे दाणे त्यांनी राळेच्या वडीत बसवून, अर्धे घासून, चकचकीत करून लेझरखाली ठेवले होते. लेझर दाण्यावर डोळ्याला न दिसणारा खड्डा पाडतो, त्यातून उडालेली वाफ यंत्रात जाते आणि पडद्यावर आकडा येतो. एकशे ऐंशी कोटी. एकशे एक्क्याऐंशी. पुन्हा एकशे ऐंशी. दाणेबाई जांभई आवरत होत्या.

मग एक दाणा आला, तीनशे ऐंशी कोटींचा.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. दाण्याच्या दुसऱ्या टोकाला लेझर लावला. पुन्हा तेवढंच. यंत्राला ज्याचं वय पक्कं माहीत आहे असा दाणा दिला, तर त्याचं वय बरोबर आलं. म्हणजे यंत्र शहाणं होतं. पृथ्वी स्वतःच साडेचारशे कोटी वर्षांची, आणि हा दाणा तिच्या बालपणातला. कुत्री पाय वर करतात त्या टेकडीतला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते असं एका कंटाळवाण्या दुपारी समोर आलं, की माणसाने काय करावं याचं प्रशिक्षण कुठल्याच संस्थेत देत नाहीत. दाणेबाईंनी खिडकी उघडली, पुन्हा लावली आणि एकटीच हसल्या.

नेमके त्याच वेळी आद्य आत आले. प्रयोगशाळेत ते सहसा येत नसत, तिथे बसायला नीट सोफा नव्हता. पण त्या दिवशी वातानुकूलन नीट चालतंय की नाही हे बघायला आले आणि बाईंचं तोंड बघून थांबले.

"काय झालं मॅडम?"

आनंदात माणूस बोलून जातो. बाई बोलून गेल्या. आद्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे एवढ्यात कुणाला सांगू नका," ते गंभीरपणे म्हणाले. "खात्री होईपर्यंत गुप्तता फार महत्त्वाची."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी होती: ‘आपली टेकडी जगातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी! संचालकांचा शोध.’ खाली आद्यांचा हसरा फोटो. सातव्या ओळीत ‘सहकाऱ्यांच्या मदतीने’ असा उल्लेख होता. दाणेबाई म्हणजे ते अनेकवचन.

घरी वेगळंच घडलं. सासऱ्यांनी बातमी दोनदा वाचली आणि सुनेला विचारलं, "हे तुमच्याच खोलीतलं यंत्र?"

"हो बाबा."

"दाणा कुणी शोधला?"

"मी."

"मग याचा फोटो कसा?"

यावर दंतवैद्य चहाच्या कपात तोंड घालून हसला. पण सासरे हसले नाहीत. त्यांनी कात्रीने बातमी कापली, आद्यांचा फोटो वगळून, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चौकटीत बसवून आणली. मग टोपी घालून न्हाव्याकडे गेले. केस कापायला तसे फारसे उरले नव्हते, पण न्हावी हा गावातला मोठा वितरक होता. संध्याकाळपर्यंत भाजीवाली, औषधवाला आणि बागेतल्या बाकावरची सगळी निवृत्त मंडळी यांना कळलं, की अमुक घरच्या सुनेने पृथ्वीचं वय शोधलं. टेकडीचं ते पृथ्वीचं झालं होतं, पण गर्दीत एवढं इकडेतिकडे व्हायचंच. इतकी वर्षं ज्यांना सून दगड फोडते एवढंच ठाऊक होतं, ते आता रोज जेवताना विचारू लागले, "आज काय निघालं?" आणि बाई सांगू लागल्या की ऐकायचेही. बाईंना हे इतकं नवीन होतं, की पहिल्या दिवशी त्यांचा घास हातातच राहिला.

इकडे आद्य कामाला लागले. संस्थेच्या अंगणात कारंज्याशेजारी चौथरा उभा राहिला. टेकडीवरून एक भलामोठा दगड क्रेनने आणला. त्यावर लावायला काळी पाटी तयार झाली: ‘पृथ्वीच्या बालपणाचा साक्षीदार’. अनावरणाला बाहेरून एक ज्येष्ठ भूवैज्ञानिक बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या.

आणि या सगळ्या धामधुमीत दाणेबाईंच्या मनात एक कुसळ शिरलं.

झालं असं, की लेखासाठी चित्रं तयार करताना त्यांनी त्या दाण्याचा मोठा केलेला फोटो नीट पाहिला. टेकडीचे बाकीचे दाणे लांबट, टोकदार, आणि आत झाडाच्या खोडासारखी वलयं. हा मात्र गोलमटोल, अंगभर खरचटलेला, नदीच्या तळाशी जन्म गेल्यासारखा. तेही चाललं असतं. जुना दाणा तप्त शिलारसात पडला की गोल होतोच. पण मग तो तिथे बसल्या बसल्या अंगावर नव्या झिर्कॉनचं एखादं पांघरूण तरी चढवतो. बाकीच्यांची वलयं त्याच शिलारसात वाढली होती. याच्या अंगावर काही नाही. एकशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी टेकडी शिजत होती तेव्हा हे महाशय तिथे होते, आणि अंगावर एक शिंतोडा नाही?

फोटो पहिल्या दिवसापासून समोर होता. बाईंनी तो पाहिलाही होता. पण ज्याची वाट पाहिली तेच दारात उभं असताना त्याचे कपडे कोण निरखतं.

त्या खाली गेल्या. तळघरात दगड फोडायची आणि चाळायची खोली होती. तिथे वाळूशेठ होता, दाणेबाईंच्याच बरोबर नोकरीला लागलेला त्यांचा जुना मित्र. तो वाळूच्या खडकांवर काम करायचा, म्हणून शेठ. संस्थेत इतकी वाळू दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"काय गं, प्रसिद्ध बाई! तळघरात कशी?"

"माझ्या टेकडीच्या आधी टेबलावर कुणाचा माल होता?"

टेबल म्हणजे ते थरथरणारं, पाण्याखालचं, खाचा असलेलं लांबलचक टेबल. भुकटी वरून सोडायची, हलकं वाहून जातं, जड खाचांत अडकतं.

"माझाच. दक्षिणेकडचा वाळूखडक. का?"

"तुझ्या खडकात म्हातारे दाणे निघतात?"

"अगं, वृद्धाश्रमच आहे तो!" वाळूशेठ उत्साहाने म्हणाला. "कुठल्या कुठल्या नद्यांनी काय काय आणून टाकलंय. साडेतीनशे कोटींच्या पुढचे कितीतरी..." आणि तिथे तो थांबला. हसू तोंडावरच राहिलं, पण त्याला आता काही काम उरलं नव्हतं.

"टेबल धुतलं होतंस ना रे?"

"धुतलं होतं की."

"कशाने?"

"पाण्याने."

"ब्रश?"

"ब्रश..." तो खाचांकडे बघत म्हणाला, "ब्रश कधीचा मिळत नाहीये. मागणी केलीय. खरेदी विभागाने विचारलंय की आधीच्या ब्रशचं काय झालं ते लेखी द्या."

कारंज्याला आणि चौथऱ्याला मंजुरी मिळालेल्या संस्थेत एक ब्रश विज्ञानाला नडला होता.

बाई वर आद्यांकडे गेल्या. हा दाणा टेकडीचा नसण्याची दाट शक्यता आहे, टेबलात अडकलेला असावा, ताजा दगड आणून पुन्हा सगळं करायला हवं, असं त्यांनी सांगितलं. आद्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, शंका घेणं हा विज्ञानाचा आत्मा आहे," ते म्हणाले. "पण आत्म्यालासुद्धा योग्य वेळी प्रवेश करावा लागतो. अनावरणानंतर घ्या ना."

"पण सर, पाटीवर..."

"पाटी कोरून झाली आहे. दगडावर कोरलेलं खोडता येत नाही."

खडक कसे झिजतात हे शिकवून ज्यांनी पोट भरलं, त्यांच्या तोंडचं हे वाक्य.

बाईंनी मग परवानगी मागणं सोडून दिलं. रविवारी नवऱ्याला म्हणाल्या, "टेकडीवर चल. हातोडा धरायचाय." सासरे आपणहून गाडीत येऊन बसले. शोध जिथे लागला ती जागा त्यांना बघायची होती.

टेकडीवर वारा होता. दंतवैद्याने वरचा झिजलेला थर फोडून आतला ताजा, निळसर दगड काढायला सुरुवात केली आणि दोन घावांतच जाहीर केलं, की माणसं दात काढताना ओरडतात तरी, हा नुसता बघतो. सासरे एका शिळेवर बसले, तिच्यावर हात फिरवला आणि अभिमानाने म्हणाले, "म्हणजे मी आत्ता तीनशे ऐंशी कोटींवर बसलोय."

दाणेबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. सांगायचं कसं हे आठवडाभर ठरत नव्हतं, आता ठरवायला वेळच उरला नाही.

"नाही बाबा. एकशे ऐंशीवरच. तो दाणा बहुतेक इथला नव्हेच. आधी दुसऱ्याचा माल चाळला होता, टेबल नीट साफ झालं नव्हतं, त्यातला राहिला असणार."

सासरे उठले. बसलेल्या शिळेकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, "आणि हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज रविवार."

"हो."

"मी काल न्हाव्याला पुन्हा सांगून आलो!" त्यांचा आवाज चढला. "आता काय सांगू त्याला? औषधवाल्याने पोराला दाखवायला बातमी मागून नेली! आमच्या खात्यात, पारड्याला आधीच्या मालाचा एक कण चिकटलेला सापडला तर आम्ही तराजू जप्त करायचो. जप्त! आणि तुम्ही शिकलेली माणसं टेबल न पुसता..."

"चूक झाली, बाबा. मला आनंद झाला होता."

म्हातारबुवा गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. परतताना घर जवळ आल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "या वेळी टेबल पुसणार कोण?"

"मी स्वतः."

"पुसून झाल्यावर आधी काहीतरी कोरं घालून बघतात का तुमच्यात? आम्ही मोकळं पारडं आधी बघायचो."

"बघतात. स्वच्छ गारगोटी दळून बघतात."

"मग बघा," सासरे म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

पुढचे दिवस दाणेबाईंनी तळघरात काढले. ब्रश दंतवैद्याने पुरवले, दातांच्या फटी साफ करायचे. टेबलाची एकेक खाच त्यांनी रुग्णाच्या दाढेसारखी घासली. वाळूशेठ शेजारी बसून क्रशरचा जबडा घासत होता आणि दर थोड्या वेळाने "माझंच चुकलं गं" म्हणत होता, शेवटी बाई म्हणाल्या की हे तू एकदा नीट म्हण आणि नंतर फक्त घास. कोरी गारगोटी दळली, काही निघालं नाही. मग नवा दगड दळला. दाणे वेचले, बसवले, घासले, लेझर लावला. सगळे एकशे ऐंशीच्या घरातले. सगळ्यांना नीट वलयं. म्हातारा एकही नाही.

हे अपेक्षित होतं, तरी बाईंनी यादी दोनदा वाचली. आयुष्यात एकदाच लागलेला शोध स्वतःच्याच हाताने पुसून टाकायचा, तोही दातांच्या ब्रशने.

पण दाणे हाताशी होतेच, म्हणून त्यांनी त्याच दाण्यांचं हॅफ्नियमही मोजलं. हॅफ्नियम हे दुसरं मूलद्रव्य, झिर्कॉन ते जन्मताना भरपूर घेऊन बसतो. त्याचे समस्थानिक, म्हणजे एकाच घरातली कमीजास्त वजनाची भावंडं. त्यातलं एक भावंड काळाबरोबर वाढत जातं. खाली प्रावरणात भराभर वाढतं, वर भूकवचात रखडत. दाणा ज्या शिलारसात जन्मला त्यातलं प्रमाण तो जसंच्या तसं धरून ठेवतो. म्हणजे शिसं दाण्याचं वय सांगतं, आणि हॅफ्नियम त्याचं कूळ.

कूळ निघालं जुनं. प्रमाण इतकं रखडलेलं होतं, की हा शिलारस ताजा प्रावरणातून आलेला असूच शकत नव्हता. टेकडीच्या जन्माआधी शंभर कोटी वर्षांहून जास्त काळ खाली कुठलंतरी भूकवच पडून होतं, तेच वितळून वर आलं होतं. एकूणएक दाण्यांची साक्ष तीच. बाईंनी यंत्र पुन्हा तपासलं, आकडे पुन्हा काढले, आणि या वेळी कुणीही आत आलं तरी तोंड दगडी ठेवायचं ठरवलं.

थोडक्यात, आद्यांची पाटीही खोटी ठरली आणि तरुणपणापासून छापून येणारा सिद्धांतही. एकाच दगडाने. एखाद्या माणसाला वरिष्ठांशी वैर करायचं असेल तर इतकी सोयीस्कर टेकडी मिळणं कठीण.

त्यांनी आद्यांना पुन्हा सांगून पाहिलं. आद्यांनी कार्यक्रमाची वेळ सांगितली.

अनावरणाच्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. दगडावर रेशमी कापड घातलं होतं. दुसऱ्या रांगेत टोपी घालून सासरे आणि शेजारी दवाखाना बंद ठेवून आलेला दंतवैद्य. आद्यांनी "आपण पहिले"पासून सुरुवात करून कारंज्यापर्यंत येऊन श्वास घेतला आणि म्हणाले, आता आमच्या मॅडम दोन शब्द सांगतील.

दाणेबाईंनी ध्वनिक्षेपक जवळ घेतला.

"तो दाणा या दगडातला नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या रांगेत एका माणसाने टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले. बाईंनी मग सगळं सांगितलं, वलयं, पांघरूण नसलेला दाणा, टेबल, पुन्हा दळलेला दगड. कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे कुणीतरी चूक केली." तेवढ्यात मागून वाळूशेठ उभा राहिला.

"टेबल मी धुतलं होतं," तो मोठ्याने म्हणाला. "म्हणजे, धुतलं नव्हतं."

लोक हसले. पाहुण्या बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "आणि हॅफ्नियम बघितलंत का?" त्या संबंध अंगणात हा प्रश्न विचारू शकणारं एकच माणूस होतं, आणि दाणेबाई त्याचीच वाट बघत होत्या. पुढची पंधरा-वीस मिनिटं दोघी ध्वनिक्षेपकावरच एकमेकींशी बोलत राहिल्या. इतरांना काही कळलं नाही, पण आद्यांना कळलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल आणि मग, हे कौशल्य मान्यच करायला हवं, प्रसन्न झाला.

ते उठले. "पाहिलंत?" ते गहिवरून म्हणाले. "आपलीच चूक आपणच, अशा भर सभेत दुरुस्त करणारी आपण पहिली संस्था!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कापड काढलंच नाही. ते तसंच दगडावर राहिलं आणि पुढे ऊन लागून विटलं.

वर्तमानपत्रात दुरुस्ती आली, आतल्या पानावर, पाणी बंद राहणार असलेल्या भागांच्या यादीखाली. आद्यांना वैज्ञानिक प्रामाणिकपणाबद्दल वरच्या खात्यात मोठं पद मिळालं. जाण्याआधी त्यांना उमगलं, की तीनशे ऐंशी कोटींचा दाणा टेकडीचा नसला तरी तो आहे, आणि वाळूशेठच्या खडकात आहे. त्यांनी लगेच वाळूशेठला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. वाळूशेठ परत आला तो घामाघूम. "गुप्तता पाळा म्हणाले," तो बाईंना म्हणाला. दोघंही धावत खाली जाऊन वर्तमानपत्र आलंय का बघून आले.

दाणेबाईंचा लेख छापून यायला वर्ष लागलं. आद्यांच्या एका शिष्याने परीक्षक म्हणून तो अडवून पाहिला, मग दुसऱ्या परीक्षकाने पुढे ढकलला. तो जगभरात मोजक्या लोकांनी वाचला, आणि त्यांच्यातल्या काहींनी आपापल्या टेकड्यांचं हॅफ्नियम मोजायला घेतलं. बाईंना बढती मिळाली नाही. त्यांना ब्रश मिळाला. खरेदी विभागाने बारा पाठवले, एकाही खाचेत न जाणारे.

सासरे अनावरणानंतर काही दिवस न्हाव्याकडे गेले नाहीत. केस मानेवर आले. शेवटी एकदा गेले, आणि आल्यावर कुणी विचारायच्या आत म्हणाले, "सांगितलं त्याला. म्हटलं, आमच्या सुनेने स्वतःचाच तराजू जप्त केला. त्याला काही कळलं नाही. पैसे नेहमीइतकेच घेतले."

एका संध्याकाळी ते सुनेबरोबर टेकडीवर फिरायला गेले. आता हे अधूनमधून व्हायचं. चढ चढून दम लागला तसे थांबले आणि पायांखाली बघत म्हणाले, "हे जे जुनं खाली होतं म्हणता, जे वितळलं, ते बघायला मिळेल का कुठे?"

"नाही बाबा. ते उरलंच नाही. त्याचीच ही टेकडी झाली."

"एखादा तुकडा? खोल खणलं तर?"

"कुणाला सापडला नाही अजून."

"मग तुम्ही शोधलंत ते काय?" सासरे वैतागले. "जे नाही ते?"

"जे होतं ते," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी यावर विचार केला. त्यांच्या खात्यात नसलेल्या मालाचं वजन करायची सोय नव्हती, आणि ही सोय कशी काय असू शकते हे त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. ते एका शिळेवर बसले, शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "बसा. ते हॅफ्नियमचं पुन्हा सांगा. पहिल्यापासून. आणि हळू."